एका डब्यात तीन घरं

पुण्याहून नेटवर्कचा स्विच बसवायला आलेला पाटणकर मला पहिल्याच दिवशी नकोसा झाला. माणूस वाईट नव्हता. पण वर्षानुवर्षं वेगवेगळं आणि नीट चाललेलं काही एकत्र करायला कुणी आलं की माझं डोकं सणकतं, आणि तो नेमका तेच करायला आला होता.

विशाखापट्टणमच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचा औषधांचा कारखाना. त्यात दोन ब्लॉक. आम्ही तेलुगू माणसं त्यांना पात आणि कोत्त म्हणतो. पात म्हणजे जुना, कोत्त म्हणजे नवा. कोत्त उभा करताना मालकांनी डोक्याला फारसा ताप दिला नव्हता. पातमध्ये होती तीच यंत्रं त्याच कंपनीकडून तशीच्या तशी आणली, आणि नेटवर्कवरचे त्यांचे नंबरही तेच ठेवले. पातच्या रिअॅक्टरवरच्या ऑक्सिजन मीटरचा जो नंबर, तोच कोत्तच्या मीटरचा. त्याने कधी काही बिघडलं नाही, कारण दोन्हीकडच्या तारा वेगळ्या होत्या, स्विच वेगळे होते आणि कंट्रोल रूममधले पडदेही वेगळे होते. त्या पडद्यांसमोर मी बसते. डावा पातचा, उजवा कोत्तचा.

पाटणकरने दोन्हीकडच्या तारा त्या स्विचच्या एकाच काळ्या डब्यात आणून खोचल्या. ऑफिसच्याही त्यातच.

"दोघांचे नंबर सारखे आहेत, त्याचं काय?" मी विचारलं.

"म्हणून तर व्हीआरएफ करतोय ना, मॅडम. एका डब्यात तीन घरं. एक ऑफिसचं, एक जुन्या ब्लॉकचं, एक नव्याचं. या घरातलं त्या घराला दिसतच नाही. शेजारच्या दोन घरांत एकाच नावाची पोरं असली म्हणून काय बिघडतं?"

"हाक मारणाऱ्याला आपण कुठल्या घरात उभे आहोत ते ठाऊक पाहिजे."

"ते स्विच सांभाळतो," तो म्हणाला आणि हसला. मला तो हसलेला आवडला नाही.

आमच्याकडचा कॉम्प्युटरवाला संन्यासीराव त्याच्या हाताखाली होता. नाव संन्यासी, पण घरी बायको आणि तीन मुली, आणि गोड दिसलं की हात आवरत नाही. त्याचं आणि पाटणकरचं एका अक्षरावरून रोज वाजायचं. आमच्याकडे 'त' इंग्रजीत लिहायचा तर टीपुढे एच लावतात. नुसता टी लिहिला तर तो 'ट' होतो. माझ्या नूकरत्नम या नावातही टीपुढे एच आहे. पाटणकरने मला पाठवलेल्या पहिल्या तीन ईमेल एचशिवायच्या पत्त्यावर गेल्या आणि कुणालाच मिळाल्या नाहीत. घरांची नावं स्विचमध्ये घालतानाही त्याने पुण्याच्या सवयीने तेच केलं. पात एचशिवाय, कोत्त एचशिवाय.

"हे आम्ही पाट आणि कोट असं वाचतो, अय्या," संन्यासीराव म्हणाला. "कोट कुणाला शिवायचाय?"

"स्विचला तेलुगू येत नाही, रावगारू. त्याला काय फरक पडतो?"

"स्विचला नाही. उद्या मला वाचायचंय."

मग दोघांनी मधला मार्ग काढला. घरांची खरी नावं पाटणकरची राहिली. प्रत्येक तारेच्या जागेवर स्विचमध्ये एक पाटी लिहायची सोय असते, म्हणजे ही तार कुठली आहे हे माणसाला कळावं म्हणून. त्या पाट्या संन्यासीरावने आपल्या पद्धतीने लिहिल्या, एच लावून. स्विच पाट्या वाचत नाही. त्या आपल्यासाठी असतात. दोघंही खूश झाले आणि एकाच ताटातले मैसूरपाक संपवून उठले.

संक्रांत आली तशी कारखान्याची निम्मी माणसं गावाकडे पळाली. गोदावरीकडची तर कोंबड्यांच्या झुंजी संपेपर्यंत परत येत नाहीत. पाटणकर सणाच्या आधीच विमानाने गेला. एकच काम राहिलं होतं, माझ्या डाव्या पडद्याची, म्हणजे पातच्या पडद्याची तार नव्या डब्यात हलवायची. पात ब्लॉक तेव्हा साफसफाईसाठी बंद होता, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. फोनवर पाटणकरने संन्यासीरावला सांगितलं, "कोत्तच्या पडद्याच्या तारेचा स्विचमधला मजकूर उचला, नाव बदला, चिकटवा. पाच मिनिटांचं काम."

सण संपल्यावर पहिल्याच सकाळी संन्यासीरावने ते केलं. माझा डावा पडदा थोडा वेळ काळा झाला आणि मग उजळला. सगळे आकडे आले. त्याने खात्रीसाठी मीटरच्या नंबरला हाक मारून पाहिली आणि लगेच उत्तर आलं.

"बघ अम्मा, उत्तर येतंय," तो म्हणाला. "एकदम गरमागरम."

मीही पाहिलं. पाटीवर पात लिहिलं होतं. रिअॅक्टर रिकामा, थंड. माझं समाधान झालं, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता. त्याचं कारण स्विच नव्हता, पैडिराजू होता.

पैडिराजू माझ्या अक्काचा नवरा. बहिणीच्या नवऱ्याला आम्ही बावा म्हणतो, आणि बावाने मेहुणीची थट्टा केली नाही तर तिलाच चुकल्यासारखं वाटतं. रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं ढवळायच्या मोठ्या बंद पिंपाच्या, आत उतरून भिंती घासायच्या टोळीचा तो मुकादम होता. त्या सकाळी तो पातच्या रिअॅक्टरमध्ये उतरणार होता. मला ते काम कधीच आवडलं नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही.

धुऊन झाल्यावर रिअॅक्टर नायट्रोजनने भरून ठेवतात, आत ठिणगी पेटू नये म्हणून. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. आत गेलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. दोन श्वास घेतो आणि बसल्या जागी आडवा होतो. म्हणून माणूस उतरण्याआधी नायट्रोजनची झडप बंद करायची, नळीच्या तोंडावर पोलादी चकती ठोकायची, पंखा लावून हवा खेळवायची आणि हातातल्या मीटरने ऑक्सिजन मोजायचा. त्या सकाळी चकती ठोकणारा फिटर गावाहून आला नव्हता. हातातला मीटर तपासायला हैदराबादला गेला होता.

"पडद्यावर ऑक्सिजन दिसतोय ना?" मॅनेजरने विचारलं.

"दिसतोय सर. पण चकती?"

"इतका मोठा खर्च करून स्विच कशाला बसवलाय, नूकरत्नम? पडदा सांगतो ते खरं धरायचं. झडप बंद कर आणि परवाना दे. सोमवारी माल लावायचाय."

मी डाव्या पडद्यावर नायट्रोजनच्या झडपेला हात लावला. ती आधीच बंद दाखवत होती. रात्रपाळीनेच बंद केली असेल, असं मला वाटलं. तरी मी बंदचा हुकूम पुन्हा दिला, आणि 'बंद' असं हिरव्यात उमटलं. ऑक्सिजन एकवीस टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. हुज्जत घालायला माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

परवान्यावर सही घ्यायला बावा स्वतः वर आला. अंगात निळा डगला, कानामागे विडी, आणि कारखान्यात विडी ओढायची नाही म्हणून ती नुसती कानामागे.

"काय अम्मायी, सणाला आली नाहीस? तुझ्या वाटचे अरिसेलू मीच खाल्ले."

"पोटावरून कळतंय. झाकणातून आत मावशील ना?"

"मावेन गं. तीस वर्षं मावतोय. झाकण मोठं करत नाहीत आणि मी बारीक होत नाही, तरी आमचं जमतं."

"बावा, आज चकती नाहीये."

माझ्या पडद्याकडे बोट करून तो म्हणाला, "तो काय म्हणतो?"

"एकवीस."

"मग? घरचंच माणूस बसलंय त्याच्यापुढे." माझी सही झालेला कागद त्याने घडी करून खिशात घातला. "तोंड असं कडू नको करूस. खाली उतरल्यावर मला तेच आठवेल."

तो गेला. मी वॉकी-टॉकी जवळ ओढली. झाकणापाशी त्याच्या टोळीतला अप्पन्ना दोरी धरून उभा राहणार होता. त्यांची जुनी पद्धत अशी की उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची. वरच्याने थोड्या थोड्या वेळाने हिसका द्यायचा, आणि आतल्याने उलट हिसका दिला की तो ठीक आहे असं समजायचं. पंखा आधी चालवला होता, आता आवाजाने काही ऐकू येत नाही म्हणून बंद केला होता. अप्पन्नाचा आवाज आला, "मुकादम उतरले, अम्मा."

पडद्यावर एकवीस. मी त्या आकड्यावरून नजर हलवली नाही. झाकण उघडलं, माणूस आत गेला, तरी आकडा जागचा हलला नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. तेव्हा मला तो आकडा स्थिर आहे याचाच आधार वाटला.

तेवढ्यात टाकीवरच्या सिंहाचलमचा फोन आला. कारखान्याचा सगळा नायट्रोजन त्याच्या टाकीतून जातो. स्वभावाने तो आळशी आहे. आपण होऊन फोन करणाऱ्यातला नाही.

"अम्मा, नायट्रोजन कोण पितंय?"

"कुणी नाही. पात बंद, कोत्त बंद."

"मग माझा काटा खाली का चाललाय? सकाळपासून चाललाय. मला वाटलं तुम्ही काहीतरी धुताय."

"किती चाललाय?"

"एक झडप पुरती उघडी असावी इतका."

मी दोन्ही पडदे पाहिले. डावा, बंद. उजवा, बंद. दोन्ही हिरवे. दोन्ही झडपा बंद असताना वायू कुठे तरी जात होता. संन्यासीराव खिडकीपाशी डबा उघडून इडली खात होता. त्याचा हात तसाच थांबला.

काय करावं ते मला एकदम सुचलं. रिअॅक्टरच्या पोटात एक दिवा असतो, आत बघता यावं म्हणून. मी डाव्या पडद्यावरून पातचा दिवा लावला. पडदा म्हणाला, लागला.

"अप्पन्ना, आत दिवा लागला का?"

"नाही अम्मा. अंधारच आहे. मुकादमांची बॅटरी दिसतेय फक्त."

मी दिवा बंद करून पुन्हा लावला. वॉकी-टॉकीवर वेगळाच आवाज आला. कोत्तमधला कुणीतरी वैतागून ओरडत होता.

"आमच्या रिअॅक्टरचा दिवा कोण खेळवतंय? सण संपला, पोरांनो, कामाला लागा!"

मी सकाळपासून ज्या रिअॅक्टरकडे पाहत होते तो पातचा नव्हताच. तो कोत्तचा होता, मागच्याच आठवड्यात घासून, झाकण उघडं टाकून ठेवलेला, रिकामा, थंड आणि हवेने भरलेला. बंदचा हुकूम मी कोत्तच्या बंद झडपेला दिला होता. पातची झडप उघडी होती, आणि बावा तिच्या तोंडाशी उतरला होता.

"अप्पन्ना! मुकादमांना बाहेर काढ! आत्ता!"

"का अम्मा? ठीक आहेत ते. मी हिसका दिला की उत्तर येतंय."

संन्यासीरावने इडलीचे हात तसेच पॅन्टला पुसले आणि स्विच उघडला. माझ्या पडद्याच्या तारेचा मजकूर त्याच्यासमोर आला. वर पाटी होती, पात. त्याने सकाळी कोत्तचा मजकूर उचलून त्यात जिथे जिथे कोत्त होतं तिथे तिथे पात करायला कॉम्प्युटरला सांगितलं होतं. पण सांगताना त्याने कोत्त लिहिलं ते आपल्या सवयीने, एच लावून. पाट्यांवरचं बदललं. घराचं नाव पाटणकरचं, एचशिवायचं, ते कॉम्प्युटरला सापडलंच नाही. ते तसंच राहिलं. पडद्याचा स्वतःचा नंबर वेगळा होता, म्हणून स्विचनेही तक्रार केली नाही. तार कोत्तच्या घरात शिरली, तिथल्या मीटरला हाक मारत राहिली, आणि तो बिचारा आपलं नाव ऐकून उत्तर देत राहिला.

"कोट," संन्यासीराव पुटपुटला. "कोट राहिलाय. अय्यो, कोट राहिलाय."

"बदल!"

तो लिहायला लागला. एकदा चुकला, पुसलं, पुन्हा लिहिलं. डावा पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा त्याच्यावर हिरवं काही उरलं नव्हतं. नायट्रोजनची झडप, उघडी. ऑक्सिजन, चार टक्के.

मी झडप बंद केली. या वेळी ती खरोखर बंद झाली, आणि त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला हुकूम देतानाच कळत होतं.

"अप्पन्ना, दोरी सोड आणि हाक मार. नाव घेऊन हाक मार!"

"उत्तर येतंय अम्मा, हे बघा, आत्ता पण..."

"दोरीचं ऐकू नकोस! नाव घे!"

वॉकी-टॉकीवर मला त्याची हाक ऐकू आली. "पैडिराजू! ओ मुकादम! ओ पैडिराजू!" मग त्याच्याच हाकेचा आतून घुमून आलेला आवाज. मग काही नाही. मग अप्पन्ना रडायला लागला. दोरी ढवळणीच्या पात्याखाली अडकली होती. ओढली की पातं वाकायचं आणि सोडली की झटक्याने मागे यायचं.

"मी उतरतो अम्मा, मी त्यांना आणतो..."

"उतरायचं नाही!" मी इतकी जोरात ओरडले की माझाच घसा फाटला. "तू उतरलास तर दोघांना काढावं लागेल! पंखा लाव! हवेचं नळकांडं बांधलेला माणूस येईपर्यंत कुणी आत डोकं घालायचं नाही! ऐकतोयस का?"

तो ऐकत होता. त्याने पंखा लावला. त्याला तिथे उभं ठेवताना मला काय वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मी माझ्या बावाला वाचवायला निघालेल्या माणसाला अडवत होते, आणि ते बरोबर होतं.

मी जिने उतरून धावले. पातमध्ये पोचले तेव्हा नळकांडंवाला आत गेला होता. तिथे आठ-दहा माणसं होती आणि पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. दोरी कापून, काखेत पट्टा घालून त्यांनी बावाला वर घेतला. झाकणात त्याचं पोट अडकलं. दोघांनी ते हातांनी आत दाबलं, आणि मी तोंड फिरवलं. कानामागची विडी जागेवर होती. तोंडावर त्रासाची एक रेघ नव्हती, दुपारी जेवून पडलेला माणूस दिसतो तसा दिसत होता.

कारखान्याच्या डॉक्टरने खूप वेळ छाती दाबली. अप्पन्ना त्याच्या पायाशी बसून पावलं चोळत होता. मग डॉक्टर थांबला, घाम पुसला आणि वर न बघता विचारलं, "यांचं घरचं कुणी आहे का इथे?"

"मी," मी म्हणाले.

मॅनेजर आला. त्याने पाहिलं आणि हळूच विचारलं, "पडद्यावर एकवीसच होता ना? तुझ्याकडे त्याचा फोटो वगैरे आहे ना?" त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. मी दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. संन्यासीराव जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. कुणी त्याला काही बोलत नव्हतं आणि तो कुणाकडे बघत नव्हता.

फोन घ्यायला मी वर कंट्रोल रूममध्ये गेले. तो वाजतच होता. अक्का.

"अगं, तुझे बावा फोन उचलेनात. आत उतरलेत का?"

"हो."

"मग राहू दे. बाहेर आले की सांग, मी दप्पळम केलंय, कॅन्टीनमध्ये काही खाऊ नका म्हणावं. तू पण ये रात्री. सणाला आली नाहीस म्हणून धुसफुसत होते. तुला चिडवल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. हॉस्पिटलात नेलंय म्हणावं, चक्कर आली म्हणावं, असं सगळं डोक्यात येऊन गेलं आणि एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

"अक्का," मी म्हणाले, "गॅस बंद कर. ऑटो कर आणि कारखान्यावर ये."

आमच्या घरात कुणी ऑटो करत नाही. ताप आला तरी बसने जातात, कळा सुरू झाल्या तेव्हाही अक्का बसनेच गेली होती. 

"अप्पन्नाला फोन दे," मग ती म्हणाली. "तू खोटं बोलशील."

"मी खोटं बोलत नाहीये, अक्का."

"माहीत आहे. खोटं बोलायचं असतं तर ऑटो म्हणाली नसतीस," ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केल्याचा आवाज मला आला.